कानाला झाकण नाही

संगमेश्वरास शास्त्री आणि सोनवी या दोन नद्या एकमेकींना भेटतात, हे आपणांस ठाऊक आहेच. तेथून जवळच कसब्याला कर्णेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. कर्ण नावाच्या राजावरून हे नाव पडले असे सांगतात; आपल्या डोक्याच्या दोन बाजूंना जे कर्ण आहेत त्यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. तरीपण आजच्या विषयाचा आरंभ या देवळाच्या पायरीवर बसूनच करावा असे मला वाटते. एखाद्या पहाटे तेथे बसा आणि डोळे मिटून नुसते ऐका. कोठे कोंबडा आरवतो, झाडीतून कुंभारकोंबड्याचा घुमारा येतो, कोणी अंगण झाडीत असतो, कोणाची तरी पितळी कळशी दगडावर टेकते. हे सारे आवाजच आहेत, पण त्यांनी झोपमोड होत नाही. उलट ते थांबले तरच काही चुकल्यासारखे वाटते.

आता तेथून उठा आणि महामार्गावरील बाजारपेठेकडे या. मुंबई-गोवा रस्ता, ज्याला पूर्वी १७ क्रमांक होता आणि आता ६६ आहे, तो संगमेश्वरातूनच जातो. मालमोटारींचे भोंगे, एस्. टी. चे घरघरणारे इंजिन, रस्ता रुंद करण्याच्या कामावरची यंत्रे, दुकानादुकानांतून लागलेली गाणी. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, तेव्हापासून रात्रीच्या गाडीची शिटीही डोंगराडोंगरांतून घुमते. रस्ता हवा, गाडीही हवी. त्यांच्यामुळे मुंबईचा चाकरमानी एका रात्रीत घरी पोहोचतो आणि अडलेली बाळंतीण वेळेवर दवाखान्यात जाते. तेव्हा यंत्रयुगाला शिव्या देण्यासाठी मी हे लिहीत नाही. प्रश्न एवढाच, की या सोयींबरोबर जो गोंगाट आपल्या घरात शिरला, त्याची किंमत आपले शरीर कशी मोजते?

निसर्गाने डोळ्याला पापणी दिली. नको ते दृश्य दिसले तर डोळा मिटता येतो. तोंडालाही ओठ आहेत. कानाला मात्र झाकण नाही. आपण झोपलो तरी कान झोपत नाही. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना ते सोयीचेच होते. वाघाची चाहूल झोपेतही लागली पाहिजे. आज वाघ नाही, पण कानाची ती जुनी राखण अजून चालूच आहे, आणि त्यातूनच पुढच्या साऱ्या गोष्टी उद्भवतात.

प्रथम आवाज मोजतात कसा ते पाहू. त्याचे माप आहे डेसिबल. हे माप आपल्या शेराच्या किंवा पायलीच्या मापासारखे सरळ नाही, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. दहा पायल्या आणि वीस पायल्या यांत दुपटीचा फरक. पण दहा डेसिबल वाढले की आवाजातली शक्ती दसपट होते, वीस वाढले की शंभरपट, तीस वाढले की हजारपट. कुजबूज साधारण ३० डेसिबलची असते, आपले घरातले बोलणे ६० च्या आसपास. म्हणजे कुजबुजीपेक्षा साध्या बोलण्यात हजारपट शक्ती आहे. आपल्या कानाला ती हजारपट वाटत नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे कानाला आवाज साधारण दुप्पट झाला असे वाटते. कान असा हिशेबात मऊ आहे म्हणूनच आपण पानाची सळसळ आणि ढगांचा गडगडाट दोन्ही ऐकू शकतो. पण कानाला वाटते दुप्पट आणि आतल्या नाजूक भागावर मारा होतो दसपट, हे विसरून चालणार नाही. “थोडासाच तर वाढवलाय” असे म्हणत जेव्हा कोणी यंत्राचा कान पिळतो, तेव्हा त्या ‘थोड्याशा’त किती काय असते ते यावरून लक्षात येईल.

आता कानाच्या आत डोकावू. बाहेरचा पडदा थरथरतो, त्याच्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडे आहेत, ती ही थरथर पुढे पोहोचवतात. पुढे शंखाच्या आकाराची एक पोकळी आहे आणि तीत द्रव भरलेला आहे. या शंखाच्या आत सूक्ष्म केस असलेल्या पेशी ओळीने उभ्या असतात. एका कानात त्या अवघ्या पंधरा हजारांच्या आसपास. ध्वनीची लाट द्रवातून आली की हे केस लवतात आणि त्या लवण्याची वर्दी मज्जातंतूंतून मेंदूला जाते. आपण आयुष्यभर जे काही ऐकतो, आईची अंगाई, पोस्टमनची हाक, मृदंगावरची थाप, ते सगळे या मूठभर पेशींच्या जिवावर.

या पेशींचे वागणे शेतकऱ्याला चटकन समजेल. लावणी झालेल्या भाताच्या खाचरातून एखादे गुरू धावत गेले तर रोपे आडवी होतात. पण पाणी चांगले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मान वर काढतात. तेच गुरू रोज त्याच वाटेने नाचू लागले तर? रोपे चिखलात जातात आणि तेथे नुसती वाट उरते. मिरवणुकीतून घरी आल्यावर कानांत दडे बसल्यासारखे होते, गुंई असा आवाज येत राहतो, सकाळपर्यंत ते कमी होते. ही झाली मान वर काढलेली रोपे. पण असे पुन्हा पुन्हा झाले की काही पेशी कायमच्या मरतात. खाचरात दुबार पेरणी करता येते. माणसाच्या कानात ती होत नाही. या पेशी पुन्हा उगवत नाहीत. त्यांना परत आणणारे सिद्ध औषध आज वैद्यकाजवळ नाही. श्रवणयंत्र आहे, त्याचा उपयोगही होतो, पण ते उरलेल्या पेशींनाच मदत करते.

हे दुखणे नवे नाही. इटलीतील रामाझिनी नावाच्या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. व्हेनिसचे तांबट सतत तांबे ठोकून ठोकून बहिरे होतात, हे त्याने १७१३ च्या आवृत्तीत नोंदवले आहे. आपल्याकडेही पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यांवर ठोके पडतच आले. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात तांबटाची जागा आता चिरेखाणीवरच्या गड्याने घेतली आहे. जांभ्या दगडाचा चिरा पूर्वी हाताने काढीत. आता यंत्राची गोल करवत चालते. तिच्याजवळ उभे राहिले तर आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो आणि शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागते.

समजा, असा एखादा गडी पंधरा वर्षे या करवतीपाशी राबला आहे. त्याचा कान एका दिवसात जात नाही. पहिल्याने जाते ते उंच पट्टीचे ऐकणे, साधारण ४००० कंपनांच्या आसपासचे. त्यामुळे त्याला ढोल ऐकू येतो, गाडीचा भोंगाही ऐकू येतो, आणि तो छातीवर हात मारून सांगतो की माझे कान ठणठणीत आहेत. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही अक्षरे त्याच्या हातून निसटू लागतात. बोलणे ऐकू येते, पण समजत नाही. चार माणसे एकदम बोलू लागली की सगळा काला होतो. बायको चुलीपाशी काही सांगते, हा भलतेच उत्तर देतो. ती म्हणते, “तुमचं लक्षच नसतं माझ्याकडे.” नातवंडाचा बारीक आवाज तर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. “जरा मोट्यान बोला, आयकाय येत नाय,” हे वाक्य दहादा म्हणण्याची लाज वाटते, म्हणून हळूहळू तो चार माणसांत बसणेच सोडतो. रात्री सगळे निजले की कानात रातकिडे ओरडतात, आणि ते उडून जाणारे रातकिडे नसतात. बहिरेपण म्हटले की आपण हसतो, पण या माणसाच्या घरातून जे जाते ते नुसते ऐकणे नव्हे. त्याचे चार माणसांतले उठणे-बसणे जाते, आणि घरच्यांना कळतही नाही की हा तुसडा झालेला नाही, ह्याला ऐकू येईनासे झाले आहे.

येथे एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कामावर ८५ डेसिबलचा आवाज असेल तर दिवसाचे ८ तास ही मर्यादा, असे अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेने ठरवले आहे. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी करावी लागते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत ८ तासांना ९० ची मर्यादा आहे, म्हणजे ती थोडी सैलच. आता खाणीवरचा किंवा खडी फोडणाऱ्या यंत्रावरचा गडी दिवसभर उघड्या कानांनी काय सोसतो ते आपणच मोजा.

इथवर आपण कानाचेच बोललो. पण गोंगाटाचे पुष्कळसे नुकसान कानाच्या पलीकडे होते, आणि ते ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांचेही होते. मघाशी सांगितलेली वाघाची राखण आठवा. अचानक मोठा आवाज झाला की मेंदू आधी विचार करीत नाही, आधी शरीराला सावध करतो. रक्तात अॅड्रिनलीन आणि कॉर्टिसॉल हे स्राव येतात, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. पळायचे किंवा लढायचे असेल तर हे सगळे उपयोगी. पण रात्री दीड वाजता रस्त्यालगतच्या घरात खाटेवर निजलेल्या माणसाला भोंगा ऐकून कोठे पळायचे असते? तरी त्याचे हृदय धावते. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, तो जागा होत नाही. सकाळी विचारले तर म्हणतो, “मला सवय झालीय, मला काही होत नाही.” मनाला सवय होते हे खरे, पण हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ती तशी पुरती होत नाही. गाढ झोपेची मधली मधली पाने फाटत जातात आणि सकाळी उठल्यावर अंग जड, डोके जड, स्वभाव चिडका.

युरोपातील सहा मोठ्या विमानतळांभोवती राहणाऱ्या लोकांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. रात्रीच्या विमानांचा आवाज १० डेसिबलने जास्त असलेल्या ठिकाणी रक्तदाबाच्या विकाराचा संभव सुमारे १४ टक्क्यांनी अधिक आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली हिशेब मांडला, की पश्चिम युरोपात रहदारीच्या गोंगाटापायी दर वर्षी निरोगी आयुष्याची निदान दहा लाख वर्षे वाया जातात. याच संघटनेने २०१८ साली युरोपासाठी शिफारस केली, की रस्त्याच्या रहदारीचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत असावा. त्याच वेळी जमवलेल्या पुराव्यात असेही दिसले, की ५३ डेसिबलनंतर रहदारीचा आवाज दर १० डेसिबलने वाढला की हृदयाला रक्त कमी पडण्याच्या रोगाचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. आठ टक्के म्हणजे काय मोठेसे, असे आपण म्हणाल. एका माणसापुरते ते थोडेच. पण रस्त्यालगत शेकडो घरे आहेत, आणि त्या घरांतून आधीच रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आजी-आजोबा आहेत.

मुलांचे दुखणे आणखी निराळे. न्यू यॉर्क शहरात एका शाळेच्या अगदी जवळून उंचावरची आगगाडी जात असे. शाळेच्या एका बाजूचे वर्ग रुळांकडे, दुसऱ्या बाजूचे शांत. शाळा तीच, अभ्यास तोच. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की गोंगाटाच्या बाजूची मुले वाचनात मागे पडत होती, वरच्या वर्गांत हा फरक जवळजवळ एका वर्षाचा होता. पुढे रुळांखाली रबर बसवले, वर्गांना आवाज शोषणारी छते केली. १९८१ मधील अभ्यासात दोन्ही बाजूंची मुले सारखीच निघाली. जर्मनीत म्यूनिकचा जुना विमानतळ १९९२ साली बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला, तेव्हाही जुन्या ठिकाणच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले आणि नव्या ठिकाणच्या मुलांचे बिघडले. यात दुःखाची आणि आशेची अशा दोन्ही गोष्टी आहेत. गोंगाटाने मुलाची बुद्धी जात नाही. ती दबून राहते, आणि गोंगाट हटवला की वर येते. महामार्गालगतच्या शाळेत गुरुजी ओरडून शिकवतात, मुले अर्धे ऐकतात, आणि निकालाच्या दिवशी आपण म्हणतो पोरगा ढ आहे. त्याच्या वर्गाची खिडकी कोणत्या बाजूला उघडते, हे एकदा जाऊन पाहावे.

आता ज्या विषयाला हात घातला की मंडळी चिडतात त्याकडे वळतो. मी कोणत्याही देवाविरुद्ध, कोणत्याही धर्माविरुद्ध किंवा कोणाच्या आनंदाविरुद्ध बोलत नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो. शिमगा आला की गावागावांतून ग्रामदेवतेची पालखी निघते, ढोल वाजतो, संकासुर नाचतो, नमनखेळ्यांचा मृदंग घुमतो. हे ज्याने ऐकले नाही तो कोकण पाहून आला असे मी म्हणणार नाही. पण ढोल आणि हल्लीच्या भिंतीएवढ्या पेट्या यांत फरक आहे. ढोलकऱ्याचे हात दुखतात, तो थांबतो, चहा घेतो. पालखी पुढच्या वाडीला जाते आणि मागची वाडी निवांत होते. विजेच्या पेटीला हात नाहीत, दुखणे नाही. जनित्रात तेल आहे तोवर ती दमत नाही. (ढोल-ताशा मोठ्या पथकात जवळून तासन् तास वाजवणाऱ्या पोरांनाही धोका आहेच, त्यांनी कानांत बोळे घातलेच पाहिजेत, हेही येथेच सांगतो.)

याचे गणित पाहा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की एका जागच्या आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. पेटीपासून १० मीटरवर १०० डेसिबल असतील तर २० मीटरवर ९४, ४० वर ८८, ८० वर ८२, १६० वर ७६ आणि ३२० मीटरवर ७० राहतात. म्हणजे वरातीपासून चार शेतांपलीकडे निजलेल्या तान्ह्या बाळाच्या किंवा दम्याने बसून रात्र काढणाऱ्या म्हाताऱ्याच्या दारापर्यंत ७० डेसिबल पोहोचतात. आपली गावे तर दरीत आहेत. समोरचा डोंगर आवाज परत पाठवतो. शिवाय त्या आवाजातला खालचा ‘धुम् धुम्’ भिंतीला जुमानत नाही, तो छातीत आणि कौलांत जाणवतो.

“अहो गुरुजी, वर्षातून चार दिवस. त्यात काय कानाला धाड भरली?” असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की चार दिवस तुमचे असतात. वरात दुसऱ्याची, वाढदिवस तिसऱ्याचा, निवडणूक चौथ्याची, सामने पाचव्याचे. रुग्णाची खाट मात्र एकच, आणि त्या खाटेला सगळ्यांचे चार चार दिवस भोगावे लागतात.

कायद्यानेही हे मान्य केले आहे. १९८७ सालीच हवेच्या प्रदूषणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन गोंगाटाला प्रदूषणात धरले गेले. पुढे १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषणाचे खास नियम निघाले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. बाजारपेठेत ६५ आणि ५५. कारखान्यांच्या भागात ७५ आणि ७०. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, त्यानंतर रात्र. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो लावता येत नाही. सणासमारंभासाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. सवलत वेळेपुरती आहे. हवा तेवढा आवाज करण्याची ती मोकळीक नव्हे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती निदान १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र करता येते. मात्र २०१७ च्या दुरुस्तीपासून शासनाने तसे जाहीर केलेले असावे लागते. तेव्हा आपल्या गावची शाळा आणि दवाखाना त्या यादीत आहेत की नाहीत, हे आपण विचारून घ्यावे. राहत्या वस्तीत रात्री भोंगा वाजवण्यासही या नियमांनी मनाई आहे. खरी आणीबाणी असेल तरच तो वाजवावा.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी या विषयावर मोठा निकाल दिला. त्या निकालाच्या आरंभी एक घटना नोंदलेली आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. तिने मदतीसाठी हाका मारल्या, पण शेजारी कर्ण्यावर गाणी लागली होती आणि त्या हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत. त्या मुलीने त्याच दिवशी स्वतःला जाळून घेतले. गोंगाटाने आरोग्य बिघडते असे आपण म्हणतो तेव्हा रक्तदाबाचे आकडे देतो. पण गोंगाटात माणसाची हाकही बुडते, आणि हे नुकसान कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ साली ध्वनिनियमांच्या अंमलबजावणीबद्दल सविस्तर आदेश दिले, आणि जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट म्हटले की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नव्हे. तक्रार करणाऱ्याचे नाव उघड करू नये, असेही त्या निकालात पोलिसांना बजावले आहे. गावात हे फार महत्त्वाचे. शेजाऱ्याशी वैर नको म्हणून आपण गप्प बसतो, हे काही खोटे नाही.

तरीपण माझे मत असे, की पोलिसांच्या आधी पारावर बोलावे. सण येण्याच्या पंधरा दिवस आधी गावकीची बैठक असते, तेव्हाच विषय काढावा. मिरवणूक ऐन भरात असताना काढलेला विषय भांडणाकडे जातो. आणि बोलताना ‘तुमचा धुडगूस’ असे म्हणू नये. “दादा, आमच्या घरी पंधरा दिवसांचं बाळ आहे, आमच्या दारावरून जाताना पेटी बंद ठेवाल का?” असे विचारले तर नाही म्हणणारा माणूस विरळा. ज्या वाडीत आजारी माणूस आहे तेथे नुसता ढोल, आणि तोही हलका. पेट्यांचे तोंड शाळेकडे किंवा दवाखान्याकडे नको. रात्री दहाला पेटी बंद. एवढे तीन ठराव झाले तरी गाव निम्मे सुखी होईल. त्यातूनही कोणी ऐकले नाही तर ११२ क्रमांक आहेच.

कामावरच्या मंडळींसाठी. कानात नुसता कापसाचा बोळा घालून भागत नाही. त्यातून आवाज आरपार जातो. फेसाळ रबरी बोळे किंवा कानांवर बसणारी टोपणे मिळतात, ती नीट बसवली तर पुष्कळ बचाव होतो. खाणमालकाने ती द्यावीत आणि गड्याने ती लाज न बाळगता वापरावीत. यंत्राला वेळेवर तेल, सैल भाग आवळलेले, आणि माणसांची पाळी बदलती, यानेही आवाज आणि मारा दोन्ही कमी होतात. वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी, म्हणजे ‘स’ आणि ‘श’ निसटण्यापूर्वीच सावध होता येईल. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. तो नेमका शिमग्याच्या सुमारास येतो, तेव्हा आठवण ठेवायला सोपा.

तरुण मंडळींना एक वेगळी सूचना. कानात घालायच्या त्या छोट्या पेट्यांतला आवाज शेजाऱ्याला त्रास देत नाही, म्हणून तो निरुपद्रवी असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा, की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतील, ९० ला ४ तास, आणि १०० ला आठवड्यात अवघी २० मिनिटे. मुंबईहून संगमेश्वरापर्यंतच्या एका रात्रीच्या प्रवासात, गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी वाढवलेल्या आवाजात, आठवड्याचा शिधा पहिल्या घाटाआधीच संपतो.

घरात काय करावे? रस्त्याकडची खोली बैठकीला ठेवावी, निजायची खोली मागच्या अंगणाकडे. रस्त्याच्या बाजूला चिऱ्यांचा सलग, भोके नसलेला गडगा उंच घातला तर चाकांचा आवाज बराच अडतो. झाडांची एखादी ओळ सावली देते, मनाला बरे वाटते, पण आवाज अडवायला ती पुरत नाही. झाडी चांगली रुंद आणि दाट हवी. दवाखान्यात किंवा आजाऱ्याच्या उशाशी मोठ्याने बोलण्याची आपली सवयही थोडी मोडावी. आणि शेवटी आम्हां नभोवाणीवाल्यांचेही ऐका. आमचा कार्यक्रम कितीही आवडला तरी यंत्राचा कान एवढाच पिळा, की आपल्या अंगणाबाहेर तो जाणार नाही.

एक साधी कसोटी सांगून थांबतो. आपल्याशी बोलणारा माणूस हातभर अंतरावर असून त्याला ओरडावे लागत असेल, तर तेथला आवाज कानाला धोक्याचा आहे असे समजावे. यंत्र नको, आकडा नको. तेथून दूर व्हावे, नाहीतर कान झाकावेत, नाहीतर आवाज कमी करायला सांगावे. आणि कधी सवड झाली तर संध्याकाळी शास्त्रीच्या काठी जावे. पाणी खळाळत असेल आणि ते ऐकू येत असेल, तर आपल्या कानातल्या त्या पंधरा हजारांपैकी पुष्कळजण अजून कामावर आहेत असे समजावे. घरी येताना नातवंडालाही बरोबर घेऊन जा, आणि ऐकू आले का म्हणून त्यालाही विचारा.